कऱ्हाकाठचे दगड

मोरगाव म्हटलं की आपल्याला मयूरेश्वर आठवतो. अष्टविनायकांची यात्रा तिथून सुरू होते. पुण्याहून आलेल्या गाड्या देवळाजवळ थांबतात, दर्शन होतं, प्रसादाचे पेढे घेतले जातात आणि मंडळी पुढच्या गणपतीच्या वाटेला लागतात. त्याच गावाजवळून कऱ्हा जाते. पावसाळ्यात ती वाहते, एरवी नुसती असते. या कऱ्हेच्या खोऱ्यात, मोरगावच्या शिवारात, मातीच्या जुन्या थरांमध्ये एक राखेचा थर आहे. ही राख कुणाच्या चुलीची नाही. ती सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावरून, तोबा नावाच्या ज्वालामुखीतून उडून आली आहे. आणि या राखेच्या आसपासच्या थरांत माणसानं हातानं घडवलेले दगड आहेत.

आज मला या दगडांविषयी बोलायचं आहे. मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि आयुष्यभर कविता लिहीत आलो. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी सांगितलेली बरी.

माझं गाव इंदापूर तालुक्यातलं. सातवीत असताना गावाबाहेरच्या ओढ्यात मला एक दगड सापडला. पंजात मावेल एवढा, बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी टवके काढलेला. टोकाकडं निमुळता, बुडाशी जाड. मी तो घरी आणला. आमचं घराणं मुलाणीपणाचं. वडिलांचा हात सुरीवर बसलेला. अम्मी ओरडली, "ये पत्थर कायको लाया रे घर में?" वडिलांनी मात्र दगड उचलला, दोन-तीनदा हातात फिरवला, अंगठा कडेवरून नेला आणि म्हणाले, "किसी ने धार काढके रख्खी है." बस्स. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं एका वाक्यात निकाल दिला. पुढं तो दगड माझ्या टेबलावर कागद दाबायला राहिला. बी.ए.च्या पुस्तकात 'हातकुऱ्हाड' या शब्दाशेजारी चित्र पाहिलं, तेव्हा कुठं मला कळलं की मी कशानं कागद दाबतोय.

पंधराएक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका अभ्यासकांना मी तो दाखवला. वाटलं होतं, ते हरखून जातील. त्यांनी दगड पाहिला आणि लगेच विचारलं, "कुठं सापडला?" मी म्हटलं, ओढ्यात. "ओढ्यात कुठं? तळाशी सुटा पडलेला, की काठाच्या दरडीत रुतलेला? दरडीत असेल तर कोणत्या थरात? बरोबर आणखी कपच्या होत्या का?" माझ्याकडं एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांना घेऊन गावी गेलो, तर तो काठच उरला नव्हता. दरड फोडून रान सपाट केलेलं होतं आणि त्यात ऊस डोलत होता. परत येताना ते म्हणाले, "दगड चांगला आहे, पण आता याच्यावरून फार काही सांगता येणार नाही."

हा दगड लाखो वर्षं ज्या जागी होता, तिथून मी तो पाच मिनिटांत उचलला होता.

आता कुणी विचारेल, माणसानं घडवलेला दगड आणि नदीनं आपटलेला दगड यांत फरक कसा करायचा? नदीत गडगडत आलेल्या दगडाचे कुठलेही कोपरे कुठूनही उडतात. माणसाचे घाव तसे नसतात. दुसऱ्या दगडाचा हातोडा करून तो एका कडेनं ओळीनं टोले देतो. एक टवका इकडून, एक तिकडून, आणि दोन्हीकडचे घाव मधे मिळून धार तयार होते. निघालेल्या कपचीवर टोल्याच्या जागेजवळ छोटा फुगवटा राहतो. आपल्या भागातला काळा दगड, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. तो झिजतो, त्याच्या कडा बोथट होतात, वर साय धरल्यासारखा थर चढतो. त्यामुळं ही हत्यारं ओळखायला सरावलेली नजर लागते. बराच काळ अशी समजूत होती, की दख्खनच्या काळ्या दगडाच्या मुलखात हत्यारांना योग्य असा दगड नाही, तेव्हा आदिमानव इथं राहिलाच नसावा. ती समजूत मोडण्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांचा वाटा मोठा. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी आणि नंतर प्रवरेच्या काठी नेवाशाला, जिथं त्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं, तिथं त्यांनी दाखवून दिलं, की इथल्याच दगडाची हत्यारं करून माणूस इथं जगत होता.

मोरगावचं काम त्याच परंपरेतलं. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शीला मिश्रा, डॉ. सुषमा देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालानंतर काही वर्षं तिथं उत्खनन केलं. तिथली हत्यारं अश्युलियन परंपरेतली, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि फरशीसारख्या सरळ धारेची हत्यारं करणाऱ्या माणसांची. पण खरा प्रश्न वयाचा होता, आणि इथं राख कामाला येते. ज्वालामुखीचा स्फोट एकदाच होतो, राख दूरवर पसरते. तिचं वय कळलं, तर तिच्या खालचं आणि वरचं काय, याचा अंदाज बांधता येतो. अडचण एवढीच, की तोबा एकदाच फुटलेला नाही. त्याचा शेवटचा प्रचंड स्फोट सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. त्याआधीचे त्याहून कितीतरी जुने.

मग मोरगावची राख कुठली? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या मातीतलं चुंबकत्व तपासलं होतं. गाळ साचतो तेव्हा त्यातले लोहाचे बारीक कण पृथ्वीच्या चुंबकीय दिशेनुसार बसतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. मोरगावच्या थरांतले कण उलट दिशेनं बसलेले आढळले. म्हणजे ते थर त्याहून जुने, असा निष्कर्ष निघाला. २०१४ साली दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटानं राखेतले काचेचे कण घेतले. काचेत युरेनियमचे अणू फुटतात तेव्हा बारीक ओरखडे राहतात. राख जितकी जुनी, तितके ओरखडे जास्त. तोबाच्या सर्वांत जुन्या राखेत एका चौरस सेंटीमीटरला दीड हजारांवर ओरखडे असतात, शेवटच्या स्फोटाच्या राखेत सरासरी १०८. मोरगावच्या आणि जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी गावच्या राखेत ओरखडे थोडे निघाले. या गटानं सांगितलं, ही राख ७५ हजार वर्षांपूर्वीचीच. बोरीची कथा तर त्याहून गुंतागुंतीची. १९८०च्या दशकात तिथल्या राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं सांगितलं गेलं. १९९५ साली ते ६ लाख ७० हजारांवर आलं. आणि इतर अभ्यासक ७५ हजारांवर ठाम राहिले.

सामान्य माणूस म्हणेल, या विद्वानांचं एकमत होत नाही, मग आपण कशाला डोकं शिणवायचं? मला उलट वाटतं. एका बाजूला पाऊण लाख वर्षं आणि दुसऱ्या बाजूला पावणेआठ लाखांहून जास्त. दहापट फरक. आणि राख नवी असली तरी हत्यारं नवीच असतील असंही नाही. नदीनं जुन्या थरात खाच पाडली असेल, त्यात राख नंतर साचली असेल. याचा निवाडा ग्रंथालयात बसून होणार नाही. तो त्या दरडीतच होईल. उद्या वय काढायची नवी पद्धत निघाली, तर अभ्यासकाला पुन्हा त्याच थरातली मूठभर माती लागेल. वादाचा मुद्दा शिल्लक आहे तोवर पुरावा राखणं हे कोणत्याही न्यायालयात पहिलं कर्तव्य मानतात. इथं पुरावा म्हणजे ओढ्याकाठची दहा-वीस हात उंचीची माती आहे.

आणि ही माती आपल्याकडं झपाट्यानं हलते आहे. आंध्रातल्या ज्वालापुरमला याच तोबाच्या राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडं हत्यारं सापडली. तो शोध २००७ साली जगभर गाजला. तिथली राख लोक खणून काढत आणि ती भांडी घासायच्या पावडरीत जाई. गरिबाला त्यातून चार पैसे मिळत असतील, तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? आपल्याकडं राख कुणी विकत नाही, पण ओढे खोल होतात, रुंद होतात. मुरूम रस्त्याला जातो, वाळू उपसली जाते. शेततळी खणली जातात. चढउताराचं रान पोकलेननं एका पातळीत येतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं आणि बारामती-इंदापूरचं बागायत रान पिढ्यान्‌पिढ्या फुलत गेलं. जुने थर उघडे राहिले ते मुख्यतः जिराईत पट्ट्यात, सुपे-मोरगावच्या बाजूला. आता तिथंही यंत्रं पोचली आहेत.

मागच्या वर्षी गावी गेलो होतो. पारावर हा विषय काढला, तेव्हा एक जुने स्नेही चिडले. म्हणाले, "भाई, तुम्ही कविता करा. प्यायला टँकर येतो आमच्याकडं. दगडासाठी ओढ्याचं काम थांबवायचं का?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. उजनीच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं आणि माणसं ते बघायला जातात. ज्यांची घरं गेली, त्यांना वारशाचं मोल दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही. म्हणून मी त्यांना म्हणालो, थांबवायचं नाही. थांबवायचं म्हटलं तर पहिला विरोध मीच करीन. फक्त यंत्र उतरायच्या आधी जाणत्या माणसानं तो ओढा एकदा पायी बघावा, एवढंच मागणं आहे.

कारण सगळ्या जागा सारख्या मोलाच्या नसतात. हे अभ्यासकही मान्य करतात आणि इथंच पाहणी आणि मूल्यमापन हे दोन शब्द कामाचे ठरतात. पाहणी म्हणजे काय, तर माळ, ओढे, घळी पायाखाली घालायच्या, हत्यार दिसलं की ते न उचलता जागेची नोंद करायची, फोटो काढायचा, नकाशावर खूण करायची. मग प्रश्न विचारायचे. पहिला, दगडाच्या कडा ताज्या आहेत की गुळगुळीत? गुळगुळीत असतील तर ते पाण्याबरोबर दुरून आलेले. ताज्या असतील, आणि शेजारी नखाएवढ्या बारीक कपच्याही असतील, तर माणूस तिथंच बसून हत्यार करत होता. बारीक कपच्या पाण्यात पहिल्या वाहून जातात, त्यामुळं त्या असणं फार महत्त्वाचं. दुसरा प्रश्न, हत्यारं मातीवर सुटी आहेत की थरात अडकलेली? तिसरा, त्या थरात वय सांगणारं काही आहे का? राख, चुनखडीनं घट्ट झालेला गाळ, जनावराची हाडं? चौथा, पसारा केवढा आहे आणि पुढच्या काही वर्षांत त्या जागेचं काय होणार आहे?

या प्रश्नांच्या उत्तरांवरून जागांची वाटणी होते. माळावर सुटे पडलेले दगड असतील, तर नोंद करा, नमुने घ्या आणि रान शेतकऱ्याला खुशाल कसू द्या. अशा जागाच जास्त. थर आहे, पण तो जाणारच आहे, तर आधी घाईचं का होईना, उत्खनन करून घ्या. आणि मोरगावसारखी एखादी जागा, जिथं राख, गाळ आणि हत्यारं एकत्र आहेत, तिथं काही गुंठे आणि दरडीचा एक उभा तुकडा न खणता ठेवून द्या. आजच्या अभ्यासकांनीही तो सगळा संपवायचा नाही. पुढच्यांसाठी ठेवायचा.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८चा आणि महाराष्ट्राचा १९६०चा. जागा संरक्षित जाहीर करायची असेल, तर केंद्राच्या कायद्यानुसार आधी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. संरक्षित क्षेत्रात मालकाला शेती करायला मुभा आहे, फक्त जमीन एक फुटापेक्षा खोल खणायची नाही. बैलाच्या नांगराच्या काळात ही अट सहज पाळता आली असती. आज उसासाठी ट्रॅक्टरचा नांगर सहज त्याखाली जातो. म्हणजे नुसता फलक लावून भागणार नाही. शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब त्याच दिवशी मांडावा लागेल. शिवाय २०१०च्या दुरुस्तीनं केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढं आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. गावातल्या माणसाला ही अट माहीत असते. म्हणून शेतात काही सापडलं तर तो गप्प बसतो. तो गप्प बसला की सगळंच बुडालं.

गंमत अशी, की गुप्तधनाचा १८७८चा कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा म्हणतो. माझ्या दगडाची बाजारात दहा रुपये किंमत कुणी केली नसती. देशात साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. देवळं, मशिदी, किल्ले, लेणी, कबरी. त्यांना शिखर असतं, घुमट असतो, कुणीतरी आपलं म्हणणारं असतं. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, चांदशाहवली बाबांचा दर्गा आहे. त्यांच्याविषयी बोलायला माणसं आहेत, कधी भांडायलाही आहेत. या दगडांना जात नाही, धर्म नाही, त्यांच्या नावानं उरूस नाही आणि जत्राही नाही. घडवणारे कोणत्या भाषेत बोलत होते, बोलत होते की नाही, तेही ठाऊक नाही. कदाचित ते आपल्यासारखी माणसंही नव्हती, मानवाची आधीची कुठली तरी जात होती. त्यामुळं त्यांच्या बाजूनं कुणी उठत नाही. मला मात्र यातच आपल्या सगळ्यांचा हक्क दिसतो. कऱ्हाकाठच्या या रहिवाशावर एका समाजाला दावा सांगता येत नाही.

केनियात ओलोरगेसाईली नावाची जागा आहे. लुई आणि मेरी लीकी या दांपत्यानं १९४०च्या दशकात तिथं काम केलं. शेकडो हातकुऱ्हाडी सापडल्या, त्यांतल्या कितीतरी जागच्या जागी ठेवल्या आणि वरून लाकडी पूल बांधला. लोक पुलावरून चालतात, खाली दगड जिथले तिथं. मोरगावला तर लोकांना बोलवायचीही गरज नाही. लाखो माणसं येतातच. देवळातून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाची वाट वाकडी केली आणि दरडीतली राख शाळेच्या पोरांना दाखवता आली, तर गावालाही चार पैसे मिळतील आणि ती दरड राखावी असं गावालाच वाटेल. त्याच्या आधी प्रत्येक ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवता येईल. कुठल्या शिवारात, कुठल्या ओढ्यात काय दिसलं, तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव. शाळेतले मास्तर आणि मेंढपाळ मिळून ती वही भरतील. माळरान मेंढपाळाइतकं कुणी चाललेलं नसतं.

माझा दगड अजून टेबलावर आहे. कागद दाबायला मी तो आता वापरत नाही. त्याच्याखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. गावाचं नाव, ओढ्याचं नाव, अंदाजे साल आणि 'नेमकी जागा आठवत नाही' एवढं एक वाक्य. तुमच्यापैकी कुणाला ओढ्यात असा दगड दिसला, तर कृपा करून उचलू नका. जागा नीट बघा, लिहून ठेवा आणि जाणत्याला कळवा. चिठ्ठीवर मी लिहिलेलं ते वाक्य तुम्हाला लिहावं लागू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)